बारा पावलांची खेळपट्टी

जुन्नर-आंबेगावात कांदा निघाला, की रिकाम्या वावरात स्टंप उभे राहतात. यात्रांचे, सुट्टीचे दिवस. गावोगाव टेनिस बॉलचे सामने. सरकारी दवाखान्यात याच दिवसांत केसपेपरवर ‘डोळ्याला चेंडू लागला’ असं लिहावं लागतं.

क्रिकेट तसं साधं. एकाने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने स्टंप राखत टोलवून धावा काढायच्या, बाकीच्यांनी अडवायचा, झेलायचा. पण खेळाचा तोल दोन्हीकडच्या स्टंपमधल्या २२ यार्डांवर, म्हणजे २०.१२ मीटरवर आहे. क्रीज वजा जाता चेंडूला साधारण साडेसतरा मीटर जायचं असतं. ताशी ९० किलोमीटर वेगाने त्याला सुमारे ०.७ सेकंद लागतात. चेंडू दिसून हात हलेपर्यंतच मेंदू ०.२ सेकंद घेतो. उरलेल्या वेळात बॅट फिरवायची किंवा तोंड बाजूला घ्यायचं. जागा नाही म्हणून आपण बारा पावलं मोजतो, तेव्हा एकूण वेळ निम्म्यावर येतो. मेंदूचे ०.२ सेकंद काही कमी होत नाहीत!

स्टंपांना चिकटून उभ्या यष्टिरक्षकाचंही तेच. २००० साली ढाक्याला आशिया चषकात फिरकी गोलंदाज कुंबळेच्या चेंडूवर सबा करीमच्या उजव्या डोळ्याला इजा झाली. त्याची कारकीर्द पुढे फार चालली नाही.

“टेनिस बॉल तर आहे, डॉक्टर,” असं पालक म्हणतात. हा मऊपणाच फसवा. खोबणीच्या हाडावर आदळताना चेंडू दबतो आणि त्याचा फुगवटा आत शिरून थेट डोळ्यावर दाब देतो.

लागल्यावर डोळा चोळू नका, दाबू नका, घट्ट पट्टी नको. तूप, दूध, गुलाबपाणी, घरातले जुने ड्रॉप्स यांतलं काहीही घालू नका. अॅस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. बुबुळासमोर रक्त साचलं, धूसर किंवा दोन-दोन दिसू लागलं, तर डोकं उंच ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

लहान मुलांत एक गोष्ट हमखास निसटते. डोळा वरून पांढरा स्वच्छ दिसतो, पण मुलाला वर बघवत नाही, उलट्या होतात. घरचे म्हणतात, ऊन लागलं. खोबणीच्या तळाचं हाड मोडून त्यात स्नायू अडकलेला असू शकतो. अशा मुलाला सकाळपर्यंत थांबवू नका, रात्रीच निघा.