मैदान आणि कॅमेरा (भाग ७) : जाळीआडचा फोरहँड

मागच्या आठवड्यात धावत्या खेळाडूसाठी शटर स्पीड कसा ठरवायचा, ते आपण पाहिलं. आज टेनिस कोर्टावर जाऊ. लेकीचा सामना रंगात आलेला असतो, पण कोर्टाला चारही बाजूंनी तारेची जाळी आणि पालकांनी बाहेरच थांबायचं. अशा वेळी बरेच जण दोन पावलं मागे सरकून जाळीतून नेम धरतात. मग फोटोत तारांच्या चौकटी ठसठशीत येतात आणि खेळाडू हरवतो. खरं तर जाळीपासून लांब जायचं नाही, तिला जवळजवळ भिडायचं.

असं का, ते समजून घेऊ. खेळाडूच्या चेहऱ्यावरून निघालेला प्रकाश लेन्सच्या संपूर्ण उघड्या भागातून आत येतो. २०० मिमीची लेन्स एफ/४ वर ठेवली, तर हा उघडा भाग २०० भागिले ४, म्हणजे ५० मिमी रुंद असतो. जाळीची तार असते साधारण ३ मिमी जाडीची. लेन्सच्या अगदी पुढ्यातली तार थोडा प्रकाश अडवते, पण बाकीचा तिच्या दोन्ही बाजूंनी आत येतो. तार इतकी फोकसबाहेर जाते, की तिची रेघ उरतच नाही. फोटो किंचित काळवंडतो आणि थोडा फिका पडतो, इतकंच. एफ/१६ वर मात्र उघडा भाग १२.५ मिमीच राहतो आणि तार पुन्हा डोकावू लागते. ५५-२५० मिमीच्या साध्या झूमलाही हे जमतं : २५० मिमीला एफ/५.६ वर सुमारे ४५ मिमी मिळतात.

म्हणून ॲपर्चर पूर्ण उघडं, झूम शक्य तितका लांब, हुड काढलेलं आणि लेन्स जाळीपासून बोटभर अंतरावर. ती जाळीला टेकवू नका. चेंडू आदळला की जाळी आत-बाहेर होते आणि काचेला धक्का बसतो.

आता कुणाचा फोटो घ्यायचा? टेनिस कोर्टाची लांबी २३.७७ मीटर. बेसलाइनच्या मागे साधारण ६.४ मीटर जागा सोडलेली असते. तुम्ही मागच्या जाळीशी उभे असाल, तर जवळच्या खेळाडूची फक्त पाठ दिसते. समोरचा खेळाडू सुमारे ३० मीटरवर, तोंड तुमच्याकडे करून खेळत असतो. त्याचाच फोटो घ्या. खेळाडू जितका लांब, तितकी जाळी अधिक विरघळते. लेक जवळच्या बाजूला असेल, तर बाजू बदलेपर्यंत थांबा.

खरा त्रास देतं ते ऊन. सूर्य तुमच्या पाठीशी असेल, तर खेळाडू छान उजळतो, पण तुमच्या बाजूच्या ताराही चमकतात आणि सगळ्या फोटोवर पांढुरकी धूसर छटा पसरते. लेन्ससमोरच्या तेवढ्या तारांवर टोपीची किंवा हाताची सावली धरा. फरक व्ह्यूफाइंडरमध्ये लगेच दिसेल. उरलेला फिकेपणा नंतर कॉन्ट्रास्ट वाढवून भरून काढता येतो.

ऑटोफोकसला जवळची तार पकडायचा मोह होतो. एकच फोकस बिंदू निवडा, तो खेळाडूच्या छातीवर ठेवा आणि लेन्सवर जवळचा फोकस बंद करणारं बटण असेल तर ते वापरा. सर्व्हिसच्या आधी खेळाडू बेसलाइनवर स्थिर असतो. फोकस तेव्हाच धरून ठेवा.

मोबाइलचं गणित उलटं आहे. त्याच्या लेन्सचा उघडा भाग जेमतेम तारेएवढा असल्यामुळे तार विरघळत नाही. पण ती छोटी लेन्स जाळीच्या भोकात सहज बसते. झूमची लेन्स वेगळी असेल, तर नेमकी तीच भोकासमोर आणा.

या आठवड्याचा सराव : एकाच जागेवरून, एकाच खेळाडूचे फोटो एफ/४ किंवा एफ/५.६ वर आणि मग एफ/१६ वर काढा. नंतर जाळीपासून एक मीटर मागे येऊन तेच करा. चारही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहा. पुढच्या भागात सभागृहातल्या कमी प्रकाशात कबड्डीची चढाई कशी टिपायची, ते पाहू.