कोंब पाहून कांदा टाकू नका

दिवाळीच्या सुमारास घरातल्या जुन्या उन्हाळ कांद्यातून हिरवे कोंब डोकावू लागतात, आणि ‘आता विषारी झाले’ म्हणून चांगले घट्ट कांदे कचऱ्यात जातात. तेही ऐन भाववाढीत. याचं मला फार वाईट वाटतं, कारण या भीतीला काहीच आधार नाही.

ही भीती बटाट्यामुळे आली. कोंब फुटलेल्या, हिरवट पडलेल्या बटाट्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं, आणि तिथे जपायलाच हवं. पण बटाटा वांग्याच्या कुळातला, कांदा लसणाच्या. कांद्यात सोलानिन तयार होत नाही. त्याच्या कोंबाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. आपण जुडीने विकत आणतो ती पात म्हणजे हेच पान.

कांदा द्विवर्षायू आहे. पहिल्या हंगामात गड्डा पोसतो, दुसऱ्या हंगामात त्याच साठ्यावर पान आणि फुलाचा दांडा वर काढतो. बियाण्यासाठी कांदे पुन्हा लावून शेतकरी डेंगळे येऊ देतात, ते म्हणूनच. रब्बीचा कांदा चाळीत चार-सहा महिने सुप्त राहतो, खरिपाचा लाल कांदा तितका टिकत नाही. लासलगावात २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ केंद्र सुरू झालं. तिथे गॅमा किरणांची अल्प मात्रा देऊन कोंब थोपवता येतो. असा कांदा किरणोत्सर्गी होतो, हाही गैरसमजच.

दुसऱ्या टोकाला, मोड आलेल्या मटकीसारखा हा कांदाही जास्त पौष्टिक, असं सांगणारे भेटतात. तेही मला पटत नाही. कोंब वाढतो तो गड्ड्यातल्या साखरेवर; गड्डा मऊ पडतो, गोडी उतरते, कधी कडवटपणा येतो. म्हणून तो कोशिंबिरीत नको. उभा चिरलात की मधला हिरवा गाभा बोटानेही सुटतो. पाकळ्या भाजून वाटणाला घ्या. कोंब बारीक चिरून झुणक्यात किंवा थालीपिठात घाला, चव पातीचीच.

कोंबापेक्षा सडका भाग शोधा. मानेशी आणि बुडाशी अंगठ्याने दाबून पाहा. पचपचीत लागला, पाणी सुटलं किंवा कुबट वास आला, तर तो कांदा टाका. काळी बुरशी फक्त वरच्या सालीवर असेल तर एक-दोन पापुद्रे काढून कांदा धुऊन घ्या. आतल्या पाकळ्यांत उतरली असेल तर मोह नको.

अख्खे कांदे फ्रिजमध्ये किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. ओल धरली की ते लवकर कोंबारतात आणि सडतातही. बटाट्यांशेजारीही नकोत, बटाट्यातून ओलावा सुटतो. कोरड्या जागी, हवेशीर जाळीच्या टोपलीत पसरून ठेवा. आणि एखादा पार पोकळ झाला, पण सडलेला नसेल, तर मानेपर्यंत मातीत खोचून कुंडी उन्हात ठेवा. पात वरूनच कापा, बुडखा राहिला की पुन्हा थोडी फुटते.