दोन रेघांचा निकाल आणि एका खोलीचे घर

२०२१ ची रमजान ईद १४ मे रोजी झाली. दुसऱ्या लाटेत मैयतीला खांदा द्यायलाही माणसे मिळत नव्हती, अशा दिवसांतली ती ईद. तिच्यानंतर पाचच दिवसांनी, १९ मे रोजी, आयसीएमआरने घरच्या घरी करायच्या कोरोना चाचणीला परवानगी दिल्याचे जाहीर केले. देशातला हा पहिला संच आपल्या पुण्याचा होता. मायलॅब या पुण्याच्या कंपनीने तो बनवला, नाव ठेवले ‘कोविसेल्फ’ आणि किंमत ठेवली २५० रुपये. याच कंपनीने मार्च २०२० मध्ये देशी बनावटीचा पहिला आरटी-पीसीआर संच तयार केला होता. त्या कामाच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले यांनी संच तपासणीसाठी सोपवला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी जन्मली, ही हकिकत तेव्हा वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचली होती.

संच पुण्याचा खरा, पण पुण्यातल्या कोणत्या घरात तो उघडला गेला? डॉक्टरांकडे जायला नको, रांग नको, कोणापुढे नाक उघडे करायला नको. चाचणी हाताशी आली म्हणजे लोक ती करतीलच, असे त्या वेळी सगळ्यांनी गृहीत धरले होते. आकडे निराळेच सांगतात. जानेवारी २०२२ मध्ये आयसीएमआरचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी माहिती दिली की, २०२१ या सबंध वर्षात घरगुती चाचण्या झाल्या त्या अवघ्या ३,००० च्या आसपास, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या वीस दिवसांत झाल्या सुमारे दोन लाख. ओमायक्रॉनची लाट होती, हे एक कारण. पण हे आकडे फक्त त्यांचे, ज्यांनी चाचणी करून निकाल मोबाईलवरच्या अॅपमधून कळवला. ज्यांनी चाचणी केली आणि पेटी गुपचूप कचऱ्यात टाकली, ते या हिशेबात नाहीत. ज्यांनी केलीच नाही, त्यांची तर गणतीच नाही.

बुधवार पेठेचेच उदाहरण घेऊ. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने, तपकीर गल्लीतला विजेच्या सामानाचा बाजार, त्यामागच्या जुन्या वाड्यांतली बिऱ्हाडे, आणि ज्या गल्ल्यांचे नाव घरात मोठ्याने घेतले जात नाही त्या गल्ल्या. तपकीर गल्लीत मालक, कारागीर, हमाल, हातगाडीवाले असे सगळ्या जातिधर्मांचे लोक राबतात. गंज पेठेतून, मोमीनपुऱ्यातून, कोंढव्यातून रोज इथे कामाला येणारी आपली माणसेही थोडी नाहीत. एप्रिल २०२० मध्ये शहराचा हा मध्यभाग पोलिसांनी पत्रे आणि बांबू लावून बंद केला, तेव्हा या माणसांना पहिल्यांदा कळले की ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द नुसता दवाखान्याचा नाही. तो रोजंदारीचा, भाड्याचा आणि शेजाऱ्यांच्या नजरेचाही आहे.

माझ्या मते घरगुती चाचणीचा सगळा प्रश्न इथे आहे. चाचणी तो करतो, ज्याला होकारार्थी उत्तर परवडते. ज्याच्या घरात वेगळी खोली आहे, वेगळे न्हाणीघर आहे, ज्याचा पगार आठवडाभर घरी बसून चालू राहतो, त्याच्यासाठी दोन रेघा म्हणजे एक माहिती. त्या माहितीवर तो काहीतरी करू शकतो. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात आणि संडास चाळीच्या टोकाला आहे, तिथे त्या दोन रेघा पाहून करायचे काय? संचाला परवानगी मिळाल्यानंतर आठवड्याच्या आतच, २५ मे २०२१ रोजी, राज्य सरकारने जास्त लागण असलेल्या १८ जिल्ह्यांत घरी विलगीकरणात राहण्याची मुभा काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. रुग्णाने कोविड केंद्रात जायचे. साथ आवरण्याच्या दृष्टीने त्यामागे विचार होता, नाही असे नाही. पण एकीकडे घरी तपासा म्हणायचे आणि दुसरीकडे निकाल आला की घर सोडा म्हणायचे, तर तपासायला कोण पुढे येईल?

पैशाचाही हिशेब पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारने खासगी प्रयोगशाळेतल्या आरटी-पीसीआरचा दर ३५० रुपयांवर आणि अँटिजेन चाचणीचा १०० रुपयांवर आणला. महापालिकेच्या केंद्रात तर चाचणी मोफत. म्हणजे सर्वांत स्वस्त चाचणी रांगेत उभे राहून मिळत होती आणि घरात बसून करायची तिला अडीचपट पैसे पडत होते. पाच जणांच्या कुटुंबाला एकदा तपासायचे तर साडेबाराशे रुपये. महिन्याचा किराणा बाजूला ठेवून कोणी ते करणार नाही, आणि त्याला अडाणीपणा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बुधवार पेठेतल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांची अडचण आणखी एका पायरीवरची. त्यांचा धंदा टाळेबंदीत महिनोनमहिने बंद होता, उधारी वाढत होती, एका खोलीत पडदे लावून चार-चार जणी राहत होत्या. अॅपमध्ये नाव, पत्ता, फोन नंबर भरायचा. जी बाई गावाकडे वेगळे नाव सांगते आणि पेठेत वेगळे, ती कोणते नाव भरणार? आरोग्याच्या कामात या वस्तीला चाचणी नवी नाही. एचआयव्हीच्या तपासणीसाठी इथे वर्षानुवर्षे संस्था काम करतात आणि बायका येतात. त्या येतात, कारण तिथे ओळखीची कार्यकर्ती असते, निकालानंतर औषध मोफत मिळते आणि नाव बाहेर जाणार नाही याचा भरवसा असतो. कागदी पेटीत यातले काही येत नाही.

हे फक्त आपल्याकडचे आहे असे समजू नका. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२१ ते मार्च २०२२ या काळात लोकांना विचारून पाहिले. लक्षणे असलेल्यांपैकी घरी चाचणी करणाऱ्यांचे प्रमाण ओमायक्रॉनच्या काळात सुमारे ६ टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत वाढले. पण कृष्णवर्णीय, पंचाहत्तरीच्या पुढचे वृद्ध, कमी शिकलेले आणि कमी कमाईचे लोक मागेच राहिले. ज्यांना आजाराचा धोका जास्त, तेच चाचणीपासून दूर. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारने प्रत्येक घराला चार संच टपालाने मोफत पाठवायला सुरुवात केली. इंग्लंडने त्याआधीच, एप्रिल २०२१ पासून, प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा मोफत चाचणीची सोय दिली होती. आपल्याकडे संच औषधाच्या दुकानात ठेवला आणि बाकी ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडले.

तरीही घरगुती चाचणीची एक बाजू अशी आहे, जी पुण्याच्या पेठांना इतर कोणापेक्षा लवकर कळावी. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घरात घुसून तपासणी करत. देवघर, जनानखाना काही पाहत नसत. बायकांना परक्या पुरुषांपुढे उभे करणे ही गोष्ट हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही जिव्हारी लागली होती. त्या तपासण्यांच्या भीतीने लोकांनी रोगी लपवले, मृत्यू लपवले. दाराच्या आत, आपल्या हाताने, आपल्या पडद्यात करायची चाचणी ही त्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. विशेषतः आपल्या घरातल्या बायकांसाठी.

आणि घरातल्या बायकांचा विषय निघाला आहे, तर थोडे स्पष्टच बोलू. घरात एकच संच आणला तर तो कोणावर वापरला जातो? बाहेर जाणाऱ्या कमावत्या मुलावर, नाहीतर अब्बूंवर. सुनेला ताप आला तर ती गोळी घेऊन पीठ मळायला बसते, कारण तिच्या नाकात काडी घातली आणि दोन रेघा आल्या तर उद्या चूल कोण पेटवणार? पण सगळ्यांच्या ताटाला हात तिचाच लागतो, दादीजानला औषध तीच देते. तिची चाचणी पहिली व्हायला हवी. गंमत अशी की, दोन रेघांची पट्टी वाचायला घरात सर्वांत आधी शिकली ती तीच. गरोदरपणाची चाचणी वर्षानुवर्षे औषधाच्या दुकानातून आणून बायका गुपचूप करत आल्या आहेत. शुगर तपासायचे यंत्र तर आता मोहल्ल्यातल्या कित्येक घरांत आहे. म्हणजे हात तयार आहेत. फक्त तिला आठवडाभर स्वयंपाकातून सुट्टी देण्याची तयारी उरलेल्यांची हवी.

आता वापराचे. ‘सी’ ही रेघ संच नीट चालल्याची खूण. ती उमटलीच नाही तर निकाल धरायचा नाही. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्ही उमटल्या तर लागण आहे असेच समजायचे, पुन्हा तपासून खात्री करत बसायचे नाही. आयसीएमआरने हे पहिल्याच दिवशी सांगितले होते. काडी दोन्ही नाकपुड्यांत दोन ते चार सेंटिमीटर आत घालून पाच-पाच वेळा फिरवायची. नुसती टोकाला लावून काढली तर चाचणी झाली असे होत नाही. निकाल पंधरा मिनिटांनी पाहायचा, वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ मोजायची नाही.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो एका रेघेने. एक रेघ आली की माणूस सुटलो म्हणून निकाहाच्या दावतीला निघतो. अँटिजेन चाचणी विषाणू भरपूर असला तरच पकडते. आजाराच्या पहिल्या दिवशी ती चुकू शकते. म्हणून लक्षणे असूनही निकाल नकारार्थी आला, तर आरटी-पीसीआर करा, असा आयसीएमआरचा सल्ला होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले की, लक्षणे असतील तर ४८ तासांनी पुन्हा तपासा, आणि लक्षणे नसतील तर अशा अंतराने एकूण तीनदा. प्रवासाच्या कागदपत्रांसाठीही घरच्या पट्टीचा उपयोग नव्हता. २०२२ च्या हजला निघालेल्यांना निघण्यापूर्वीच्या ७२ तासांतला पीसीआर अहवाल लागला होता.

पुढची साथ कोणत्या विषाणूची असेल हे बाजूला ठेवा. मोहल्ल्याच्या कमिटीला काय करता येईल, याचे उत्तर पुण्यातच आहे. २०२० मध्ये कॅम्पातल्या आझम कॅम्पसने आपल्या मशिदीचा मजला विलगीकरणासाठी देऊ केला होता. वेगळी खोली नसलेल्या माणसाला अशी एक जागा, त्याच्या घरी आठवड्याचा शिधा आणि नावाची वाच्यता न करणारी एक समजूतदार बाजी, एवढे आधी तयार असेल तर संचांवर झकात-सदक्याव्यतिरिक्त गोळा केलेला पैसा खर्चायला अर्थ आहे. नसेल तर तेच पैसे शिध्यावर घालावेत.

कपाटात २०२२ मधला एखादा संच अजून पडला असेल, तर त्यावरची मुदत पाहा. ती उलटून गेली असणार. त्यातली बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, सगळे एका पिशवीत बांधून टाका.