समाजकार्यशिक्षण, दूरस्थ व ऑनलाइन

समाजकार्य या विषयातील पदव्युत्तर पदवी (एम्.एस्.डब्ल्यू.) महाविद्यालयात नित्य उपस्थित न राहता मुद्रित स्वयंअध्ययन साहित्य, ध्वनिचित्रफिती, संपर्कवर्ग व आंतरजाल यांच्या साहाय्याने संपादन करण्याची शिक्षणपद्धती. हिच्या दोन शाखा मानल्या जातात. मुक्त व दूरस्थ शिक्षणात पुस्तके आणि अभ्यासकेंद्र यांना प्राधान्य असते. ऑनलाइन शिक्षणात प्रवेशापासून परीक्षेपर्यंतचे बहुतेक व्यवहार आंतरजालावरून होतात. इतिहास, अर्थशास्त्र यांसारखे विषय केवळ वाचनाने शिकता येतात. समाजकार्य मात्र तसे शिकता येत नाही. प्रत्यक्ष माणसांमध्ये, अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेले क्षेत्रकार्य हा या शिक्षणाचा कणा होय. त्यामुळे घरी राहून समाजकार्याची पदवी घेता येईल काय, हा प्रश्न मुख्यतः क्षेत्रकार्याची व्यवस्था कशी लावावयाची या प्रश्नावर येऊन ठेपतो.

पूर्वपीठिका : समाजकार्याचे पद्धतशीर प्रशिक्षण न्यूयॉर्क येथे १८९८ मध्ये उन्हाळी वर्गाच्या रूपाने व ॲम्स्टरडॅम येथे १८९९ मध्ये स्वतंत्र विद्यालयाच्या रूपाने सुरू झाले. भारतात त्याचा आरंभ मुंबईत झाला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हे नागपाडा भागातील कामगारवस्तीत काम करीत असताना प्रशिक्षित कार्यकर्त्यांची उणीव त्यांना जाणवली. त्यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था स्थापन झाली. १९४४ मध्ये तिला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले, १९५४ मध्ये ती देवनार येथे गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. मुंबईचे निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय (१९५५) व पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) या पुढील काळातील महत्त्वाच्या संस्था होत. कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाल्याने या पदवीला नोकरीच्या दृष्टीनेही महत्त्व आले.

या संस्था मोठ्या शहरांत एकवटलेल्या राहिल्या. टाटा संस्थेने १९८६ मध्ये तुळजापूर येथे ग्रामीण केंद्र उघडले, हा एक उल्लेखनीय अपवाद. ज्या समूहांच्या प्रश्नांवर समाजकार्य उभे असते, त्याच समूहांतील तरुणांना हे शिक्षण दुर्लभ राहिले. दूरस्थ शिक्षणाची मागणी या विसंगतीतून पुढे आली.

भारतातील विकास : इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) १९८५ च्या संसदीय कायद्याने स्थापन झाले. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नासिक येथे सुरू झाले. समाजकार्याचे पदवी व पदव्युत्तर पदवी असे दोन्ही अभ्यासक्रम इग्नूने दूरस्थ पद्धतीने चालविले. तिच्या एम्.एस्.डब्ल्यू. अभ्यासक्रमात व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन व संशोधनपद्धती या विषयांबरोबर दोन्ही वर्षी क्षेत्रकार्य व अखेरीस लघुप्रबंध यांचा समावेश आहे. क्षेत्रकार्याची नोंद विहित नोंदवहीत ठेवावी लागते. स्वाध्यायांना साधारणतः ३० टक्के व सत्रांत परीक्षेला ७० टक्के भार दिला जातो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये दूरस्थ शिक्षणाचे, २०१८ मध्ये ऑनलाइन शिक्षणाचे व २०२० मध्ये या दोहोंचे एकत्रित विनियम प्रसिद्ध केले. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, विधी, वास्तुशास्त्र इ. विषय या पद्धतींनी शिकविण्यास मनाई करण्यात आली. समाजकार्याचा या निषिद्ध सूचीत अंतर्भाव नाही. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानावी, असे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. पीएच्.डी. मात्र या मार्गाने करता येत नाही.

वैद्यकीय व मनोरुग्णविषयक समाजकार्याकडे वळू पाहणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ याच्या अनुसूचीत वैद्यकीय व मनोरुग्ण समाजकार्यकर्त्यांचा उल्लेख आहे आणि या अधिनियमाच्या कक्षेतील आरोग्यविषयक अभ्यासक्रम, मानसशास्त्रासह, जुलै–ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने न चालविण्याचा निर्देश आयोगाने दिला आहे. सर्वसाधारण समाजकार्याच्या व्यवसायाचे नियमन करणारी वैधानिक परिषद मात्र भारतात नाही. वकिलांची वा डॉक्टरांची सनद असते, तशी सनद समाजकार्यकर्त्याला नसल्याने त्याच्या कौशल्याची हमी पदवी देणाऱ्या संस्थेवरच अवलंबून राहते. क्षेत्रकार्य शिथिल झाल्यास ती उणीव पुढे भरून काढणारी दुसरी यंत्रणा नाही.

इतर देशांत : अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१० च्या सुमारास एम्.एस्.डब्ल्यू. मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन शिकविण्यास प्रारंभ केला; पुढे अनेक विद्यापीठांनी त्याचे अनुकरण केले. तेथील समाजकार्यशिक्षण परिषद अधिस्वीकृती देताना माध्यमाचा भेद करीत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला किमान ९०० तासांचे क्षेत्रकार्य दोन्ही पद्धतींत सारखेच बंधनकारक आहे. व्याख्याने घरी ऐकता येतात, परंतु क्षेत्रकार्य विद्यार्थ्याच्या राहत्या भागातील रुग्णालयात, शाळेत वा संस्थेत प्रत्यक्षच करावे लागते.

क्षेत्रकार्याचे स्वरूप : नियमित महाविद्यालयात विद्यार्थी सामान्यतः आठवड्यातून दोन दिवस एखाद्या संस्थेत वा वस्तीत काम करतो, प्रत्येक भेटीचा तपशीलवार वृत्तांत लिहितो व पर्यवेक्षकाशी त्यावर वैयक्तिक चर्चा करतो. आपण काय ऐकले, काय ऐकावयाचे राहून गेले, कोठे घाईने सल्ला दिला, हे त्याला या चर्चेतून कळते. दूरस्थ पद्धतीत व्याख्यानाची उणीव पुस्तक बऱ्याच अंशी भरून काढते; या चर्चेची उणीव ते भरून काढू शकत नाही. पर्यवेक्षकाने नोंदवहीवर केवळ स्वाक्षरी करणे हा या पद्धतीतील सर्वांत मोठा धोका समजला जातो. २०२०–२१ मध्ये कोविडच्या साथीमुळे नियमित संस्थांनाही क्षेत्रकार्य काही काळ दूरध्वनी व आंतरजाल यांवरून चालवावे लागले. पर्यवेक्षणाची चर्चा दुरून होऊ शकते. वस्तीतील भेट मात्र दुरून होऊ शकत नाही, हे त्या अनुभवावरून दिसून आले.

कर्जत–खालापूर परिसराचे उदाहरण : या शिक्षणाची उपयुक्तता व मर्यादा रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कळंब (ता. कर्जत) परिसराच्या संदर्भात नीट स्पष्ट होतात. कळंबला जवळचे रेल्वेस्थानक नेरळ हे असून कर्जत मुंबईपासून लोहमार्गाने सु. १०० किमी. आहे. उपनगरी गाडीची सोय असली, तरी वाडीवरून स्थानकापर्यंत व तेथून मुंबईतील महाविद्यालयापर्यंत रोज जाणेयेणे म्हणजे दिवसाचे कित्येक तास प्रवासात घालविणे होय. अंगणवाडीत, आरोग्यकेंद्रात वा स्वयंसेवी संस्थेत नोकरी करणाऱ्या व्यक्तीला, विशेषतः विवाहित स्त्रीला, ते जवळजवळ अशक्य असते. शहरात वसतिगृहात राहणे हा पर्याय खर्चाचा असतो.

याच भागात समाजकार्याला वाव मात्र विपुल आहे. ठाकर व कातकरी या जमातींच्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात होय. जमिनीचा अभाव, कर्ज, बालकांचे कुपोषण, शाळागळती हे येथील जुने प्रश्न आहेत. कशेळे येथील ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने धान्यबँकेसारखे उपक्रम या भागात राबविले. आदिवासी विकासाच्या शासकीय योजना पेण येथील प्रकल्प कार्यालयामार्फत चालतात. खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इरसाळवाडी ही ठाकरवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले व ५७ व्यक्ती बेपत्ता राहिल्या. वाचलेल्यांना, विशेषतः आईवडील गमावलेल्या मुलांना, घरांबरोबर दीर्घकाळच्या मानसिक व सामाजिक आधाराचीही गरज असते. असा आधार देणारी प्रशिक्षित व्यक्ती बाहेरून काही दिवसांसाठी येण्यापेक्षा त्याच भागात राहणारी असणे अधिक हितावह ठरते.

स्थानिक विद्यार्थ्याच्या दृष्टीने या पद्धतीचा एक लाभ वेळापत्रकाशी निगडित आहे. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व अन्य कामांवर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. शहरी महाविद्यालयाचे क्षेत्रकार्य ऐन रंगात येते, तेव्हा वाडी ओस पडलेली असते. गावातच राहणाऱ्या विद्यार्थ्याला पावसाळ्यात वाडीवर व हिवाळ्यात भट्टीवर त्याच कुटुंबांना भेटता येते. स्थलांतराचे संपूर्ण चक्र त्याच्या अभ्यासाचा विषय होऊ शकते.

अडचणीही तितक्याच वास्तव आहेत. पहिली अडचण भाषेची. इग्नूचे या विषयाचे साहित्य इंग्रजी व हिंदीतून आहे. कार्य मात्र मराठीत, बहुधा ठाकरी वा कातकरी बोलीत, करावे लागते. बोलीतील कथन परभाषेतील वृत्तांतात उतरविताना त्यातील बारकावे गळतात आणि नेमक्या त्या बारकाव्यांवर निदान अवलंबून असते.

दुसरी अडचण अखिल भारतीय पाठ्यपुस्तकाची. आदिवासी स्वशासनाच्या प्रकरणात पंचायत (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६ (पेसा) याची माहिती असते. परंतु रायगड जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडत नसल्याने तो कायदा येथे लागू नाही. वनहक्क अधिनियम, २००६ मात्र लागू आहे. हा भेद पुस्तकातून आपोआप कळत नाही. तो सांगणारा स्थानिक मार्गदर्शक नसल्यास विद्यार्थी लोकांना नसलेल्या हक्काचे आश्वासन देईल आणि असलेल्या हक्काचा दावा राहून जाईल.

तिसरी अडचण नात्यांची. स्वतःच्या गावात काम करताना विद्यार्थी हा कोणाचा भाचा, कोणाचा सावकाराच्या घरचा, कोणाचा प्रतिपक्षातला असतो. दारूचे व्यसन, नवऱ्याची मारहाण, गर्भपात यांसारख्या गोष्टी लोक त्याला सांगतीलच असे नाही. आणि सांगितल्या, तर त्यांची गुप्तता राखणे लहान वस्तीत कठीण असते. म्हणून निदान एका वर्षाचे क्षेत्रकार्य स्वतःच्या गावाबाहेर करणे इष्ट होय. चौथी अडचण साधनांची. डोंगराळ वाड्यांवर आंतरजालाची जोडणी खंडित होते, तेव्हा पाठ उतरवून घेण्याची सोय व छापील पुस्तके यांना पर्याय राहत नाही. भेटीचे ध्वनिमुद्रण वा छायाचित्र संबंधितांच्या संमतीविना घेऊन आंतरजालावर चढविणे हा व्यावसायिक नीतीचा भंग ठरतो.

निवडीचे निकष : प्रवेशापूर्वी संबंधित संस्थेला त्या वर्षाच्या त्या सत्रासाठी व त्याच अभ्यासक्रमासाठी आयोगाची मान्यता आहे काय, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तपासणे आवश्यक असते, एका अभ्यासक्रमाची मान्यता दुसऱ्यास लागू होत नाही. अलीकडे प्रवेशार्थ्याला या विभागाचा स्वतंत्र ओळखक्रमांकही घ्यावा लागतो. क्षेत्रकार्याची संस्था कोण निश्चित करते, पर्यवेक्षकाची समाजकार्यातील पात्रता काय, वैयक्तिक चर्चा किती वेळा होते व मराठीतून वृत्तांत लिहिता येतो काय, हे प्रश्न शुल्काइतकेच महत्त्वाचे आहेत. ज्या नोकरीसाठी पदवी घ्यावयाची, तिच्या सेवाप्रवेश नियमांतील अर्हताही आधी पाहावी. क्षेत्रकार्याविना पदवी देऊ करणारी संस्था कोणत्याही निकषावर त्याज्य होय.

मूल्यमापन : दूरस्थ व ऑनलाइन समाजकार्यशिक्षणावर व्यवसायाचा दर्जा घसरविल्याचा आरोप केला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही; तथापि नियमित महाविद्यालयांतही क्षेत्रकार्य उपचारापुरते उरल्याची उदाहरणे आहेत. दर्जाचा निर्णय माध्यमापेक्षा पर्यवेक्षणावर अधिक होतो. तालुक्याच्या ठिकाणी, उदा., कर्जत येथे, पात्र पर्यवेक्षकांचा छोटा गट उभारून आरोग्यकेंद्रे, आश्रमशाळा, ग्रामपंचायती व स्वयंसेवी संस्था यांच्याशी त्याची सांगड घातल्यास ही पद्धती ग्रामीण व आदिवासी भागातून प्रशिक्षित कार्यकर्ते निर्माण करू शकेल. तशी व्यवस्था नसेल, तर पदवीधरांची संख्या वाढेल, परंतु वाडीवर जाणारा प्रशिक्षित कार्यकर्ता पूर्वीइतकाच दुर्मिळ राहील.