वाळूतल्या खड्ड्यात कोण राहतं?

नंदुरबारला समुद्र नाही. पण तापी आहे, आणि तापीला वाळू आहे. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत जे किडे राहतात, त्यांचे भाऊबंद नदीकाठीही राहतात. बघायला फक्त उकिडवं बसावं लागतं.

सारंगखेड्याला घोडे बघायला जाता, प्रकाशाला घाटावर जाता. पुढच्या वेळी काठावर, आडोशाची कोरडी बारीक वाळू शोधा. नरसाळ्यासारखे इवलेसे खड्डे दिसले, तर तळाशी मुंगीसिंह दबा धरून बसलाय. ही खरं तर अळी. उलटी चालते, गोल फिरत डोक्यानं वाळू उडवते आणि खड्डा करते. उतार इतका नेमका की मुंगीचा पाय पडताच वाळू घसरते. मुंगी वर चढू लागली, तर खालून वाळूचा मारा! मग पोकळ जबड्यांनी रस शोषायचा आणि उरलेलं टरफल बाहेर भिरकावायचं. गंमत म्हणजे अळी असेपर्यंत पठ्ठ्या शी करत नाही, सगळं पोटात साठवतो. असं वर्षभर, कधी दोन-तीन वर्षंही. शेवटी वाळू आणि रेशमाची गोटी करून आत कोशात जातो. बाहेर पडतो तो चतुरासारखा दिसणारा, रात्री उडणारा नाजूक कीटक.

पाण्यालगत ओल्या वाळूवर वाघभुंगेरा भेटतो. तो इतका सुसाट पळतो की पळताना त्याला भक्ष्य नीट दिसेनासं होतं. म्हणून मध्येच थांबतो, बघतो, पुन्हा सुटतो. त्याची अळी उभ्या बिळात राहते आणि डोक्याचंच झाकण करून वाट बघते.

म्हणजे या मंडळींचं बालपण वाळूच्या आत जातं. आणि आपण वाळू मोजतो ब्रासमध्ये. पावसाळ्यात उपसा बंद असतो, पण एरवी ट्रॅक्टर, डंपर पात्रात उतरवायला काठ फोडून रस्ता करतात. खड्डे, बिळं सगळी चाकाखाली. हे नुसतं भय नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा एक वाघभुंगेरा गाड्या आणि गर्दीमुळे बहुतेक पुळणींवरून नाहीसा झाला. १९९० मध्ये त्याला कायद्यानं संरक्षण द्यावं लागलं. आपल्या काठावर कोण कोण राहतं, हे आधी आपण मोजायला तरी हवं ना?

गवताची काडी घ्या. खड्ड्याच्या कडेनं हलकेच फिरवा. खालून वाळू उडाली, की समजा, घरात कुणीतरी आहे.