नव्या स्वयंपाकघरात काय घ्यावे?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घराघरांत एकच चर्चा. कुणाचे ठिबक, कुणाच्या लेकीचे लग्न, कुणाची मोटारसायकल. आमच्याकडे गेल्या हंगामाच्या बिलातून स्वयंपाकघर नवे करावयाचे ठरले. आम्ही दोघी जावा. काळवंडलेल्या वाशांखाली, धुरात डोळे पुसत आम्ही वीस वर्षे भाकरी थापली. घरात खाणारी तोंडे नऊ, शिवाय तोडीच्या दिवसांत चहाला येणारे-जाणारे वेगळे. या कामात आमच्या ज्या चुका झाल्या त्या इतरांच्या होऊ नयेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पहिली चूक ही की वस्तू आधी आली आणि घर मागून. ओटा अजून विटांतच होता, तोवर पुरुषमंडळी तालुक्याला गेली आणि संध्याकाळी टेम्पोतून दोन दरवाजांचा फ्रिज घेऊन आली. दसऱ्याची सवलत होती म्हणे. फ्रिज सोप्यात ठेवला, जुन्या बोर्डाला जोडला, पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी आत्याबाई अनवाणी, ओल्या हाताने दुधाचे पातेले ठेवायला गेल्या. दांडीला हात लावला मात्र, झटकून मागे सरल्या. "अगं, मुंग्या आल्या गं हाताला!" आम्हांला वाटले, वय झाले, काहीतरी भास. मग धाकटीने हात लावला, तर तिलाही तेच.

वायरमनने बोर्ड उघडला. सॉकेट तीन भोकांचे, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नाही! अर्थिंग म्हणून नुसते भोक दाखवायला ठेवलेले. यंत्राच्या पत्र्यावर थोडी जरी वीज उतरली तरी ती तारेतून जमिनीत जायला हवी. तार नसली की ती माणसाच्या अंगातून वाट काढते, आणि ओली फरशी, अनवाणी पाय असले की मग विचारूच नका. त्या दिवशी मुंग्यांवर भागले.

मग सगळे थांबवून आधी वायरिंग केले. परसात खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून अर्थिंग केले. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावे लागते, हे काम आता पोरांकडे आहे. मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवला. वीज अशी भलतीकडे जाऊ लागली की तो आपोआप पडतो. त्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. या खर्चाला पुरुषमंडळी कुरकुरली, कारण तो पाहुण्यांना दाखवता येत नाही. आम्ही मात्र हटलो नाही.

दुसरी फजिती इंडक्शन शेगडीची. ही शेगडी २००० वॉटची, म्हणजे अर्धा तास पूर्ण जोरात चालली की एक युनिट. ती सुमारे ९ अँपिअर ओढते. दिव्याच्या साध्या सॉकेटला जोडाल तर सॉकेट वितळेल. तिला १६ अँपिअरचे सॉकेट आणि तशीच जाड तार पाहिजे. बरे, तेही केले. पण भांडी? आमची पितळेची पातेली, ॲल्युमिनियमची डेगची, एकही तिच्यावर तापेना. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटले तरच ते चालते, हे दुकानदाराने सांगितले नव्हते. धाकटीच्या मुलाने जुन्या स्पीकरमधले चुंबक काढून सगळी मांडणी तपासली. चिकटला तो फक्त लोखंडी तवा, आणि तोही खोलगट, सपाट काचेवर नीट बसेना. तेव्हा भगिनींनो, दुकानात जाताना पिशवीत एक चुंबक असू द्या. आता ती शेगडी दूध तापवायला आणि चहाला वापरतो. भाकरीला नाही.

भाकरीला गॅस. चार बर्नरच्या शेगडीचा आग्रह झाला, पण तिच्यावर आमची मोठी पातेली शेजारी-शेजारी मावत नाहीत. दुकानात दोन रिकामी पातेली मांडून पाहिली (दुकानदार हसला, हसू दे) आणि तीन बर्नरची, रुंद अंतराची घेतली. सिलिंडर उभाच ठेवावा, शेगडी त्याच्याहून उंचावर असावी. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तो खाली साचतो. म्हणून गवंड्याला सांगून जमिनीलगत भिंतीत एक जाळी ठेवून घेतली. वरच्या खिडकीवर विसंबून चालत नाही. नारिंगी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी ती बदलावी. प्रेशर कुकरला आय.एस.आय. चिन्ह आता सक्तीचे आहे, ते बघूनच घ्यावा.

फ्रिज परत कोण घेणार? तो राहिला. पण घ्यावयाचा असेल त्यांनी चांदण्या नुसत्या मोजू नयेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ही चिठ्ठी २००६ पासून आहे आणि तिचे मोजमाप मधूनमधून कडक होते. काही वर्षांपूर्वीच्या पाच चांदण्या आज तीनच ठरू शकतात. म्हणून चिठ्ठीवरचे वर्ष पाहावे, आणि वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा वाचावा. तो आकडा विजेच्या दराने गुणला की खरी किंमत कळते. आमच्या गावात पंप सुरू झाले की दाब उतरतो, तेव्हा स्टॅबिलायझरबद्दलही विचारून घ्यावे. लाईट गेली तर दार उघडू नये, चारेक तास आतले टिकते.

मिक्सर ७५० वॉटचा घेतला. सलग किती मिनिटे चालवावा हे बुडाच्या पट्टीवर लिहिलेले असते, ते कुणी वाचत नाही. मध्येच बंद पडला तर दुरुस्तीला नेण्याआधी खालचे लाल बटण दाबून पाहा. आम्ही एकदा फुकट तालुक्याची फेरी मारली आहे. वर्षाचा कांदा-लसूण मसाला मात्र डंकावरच.

ओट्याच्या उंचीवरून आमच्या दोघींत भांडण झाले ते इथे लिहीत नाही. एक उंच, एक बुटकी. शेवटी भाकरी जास्त कोण थापते ते मोजून धाकटीच्या कोपरापासून चार बोटे खाली ओटा घेतला.

ओव्हनचे अजून ठरलेले नाही. पोरांना केक हवा आहे. त्यासाठी १६ अँपिअरचे एक सॉकेट मोकळे सोडून जागा राखली आहे. तिथे सध्या आत्याबाईंनी लोणच्याची बरणी आणून ठेवली आहे.