सॉफ्टवेअर बदलले, उसाचा हिशेब कोण तपासणार?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत उसाला पाणी केव्हा आणि किती द्यायचे, हे आजवर पाटाची पाळी आणि शेतकऱ्याचा अंदाज ठरवीत आला. आता त्यात संगणकाची भर पडली आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने २०२४ मध्ये सुमारे १,००० शेतकऱ्यांना घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ऊस पिकविण्याचा प्रयोग हाती घेतला. शेतातील हवामान केंद्र, मातीची तपासणी आणि उपग्रहाची चित्रे यांवरून सॉफ्टवेअर हिशेब करते आणि पाणी, खत, रोग यांविषयीचा सल्ला मोबाईलवर पाठविते.

ही सेवा फुकटची नाही. २०२५ मध्ये पुढे आलेल्या योजनेत हेक्टरी २५,००० रुपये खर्च धरला होता. त्यापैकी ९,००० रुपये शेतकऱ्याने, ६,७५० कारखान्याने आणि ९,२५० वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने द्यायचे होते. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने मालाची चौकशी करावी, हा व्यापाराचा साधा नियम आहे. आमच्या मते पहिली चौकशी ही असावी: सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की सल्ला बदलतो काय? बदलत असेल तर का?

दुकानदार हिशेबाचे सॉफ्टवेअर बदलायचे झाले तर शक्यतो १ एप्रिलचा मुहूर्त धरतो; जुनी वही बंद, नवी सुरू. आडसाली ऊस मात्र १६ ते १८ महिने शेतात उभा असतो. एवढ्या काळात आवृत्ती बदलली, तर लागण एका हिशेबावर आणि तोड दुसऱ्या हिशेबावर होणार. नीरा डावा कालवा १८८५ पासून या भागात वाहतो आहे. जादा पाण्याने भारी काळ्या जमिनी क्षारपड झाल्याचा अनुभवही इथे तितकाच जुना आहे. पाण्याच्या आकड्यातली चूक पिकाबरोबर जमिनीलाही भोवते.

यावर इलाज काय? तो दुसऱ्या एका धंद्यात सापडतो. आपल्या कोकणात उन्हवरे, राजापूर येथे गरम पाण्याचे झरे आहेत. न्यूझीलंड, आइसलँड, अमेरिका या देशांत जमिनीखालच्या अशा उष्णतेवर वीज तयार करतात. तिथे एकेका विहिरीला कोट्यवधी रुपये लागतात, म्हणून उष्णता किती वर्षे पुरेल याचा हिशेब आधी संगणकावर मांडतात. हा हिशेब करणारी निरनिराळी सॉफ्टवेअर १९८० मध्ये अमेरिकेत एकाच कसोटीला लावली गेली. सर्वांना तीच सहा गणिते घातली आणि उत्तरे शेजारी शेजारी मांडली. पुढे १९९१ मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेतून आलेल्या टफ-२ या सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत नमुना गणिते आणि त्यांची उत्तरेही छापली. नवी आवृत्ती बसविली की तीच गणिते पुन्हा घालून पाहता येतात. उत्तर जुळले तर पुढे जायचे, न जुळले तर कारण शोधायचे.

उसाची नमुना गणिते कारखान्यांकडे तयारच आहेत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कोणताही कारखाना घ्या. मागील हंगामात कोणाच्या शेतातून किती टन ऊस आला, हे वजनकाट्याच्या नोंदीत असते. नवी आवृत्ती आधी त्याच शेतांच्या जुन्या माहितीवर चालवावी आणि तिचा अंदाज काट्याच्या वजनाशी ताडून पाहावा. काय बदलले, ते सभासदांना मराठीत लेखी कळवावे. मोठा बदल शक्यतो नव्या लागणीपासूनच लागू करावा. खर्चाचा वाटा उचलणाऱ्या कारखान्याला हे मागण्याचा हक्क आहे.

शेतकरी बंधूंनीही एक साधी वही ठेवावी. सल्ला कोणत्या तारखेला आला, पाणी प्रत्यक्षात किती दिले आणि शेवटी टनेज किती पडले, एवढे त्यात लिहावे. चार सऱ्या आपल्या नेहमीच्या पद्धतीने राखून त्यांचा ऊस वेगळा मोजावा. ९,००० रुपये वसूल झाले की नाही, हे त्या चार सऱ्यांवरून कळेल.